रेव्हरंड नारायण वामन टिळक : शिष्य घडवणारा गुरू (चरित्र-पाठ)



एप्रिल संपत आला की आमच्या ओझरमध्ये दरवर्षी एकच विषय निघतो. सुट्टीत मुलांना कुठल्या शिबिराला पाठवायचं? १९६४ मध्ये इथे विमानांचा कारखाना सुरू झाला आणि देशभरातली कुटुंबं येऊन राहिली. त्यामुळे एकाच वर्गात सगळ्या धर्मांची मुलं असतात. कुणी संस्कार शिबिराला जातं, कुणी वारकरी बालशिबिराला, तर ख्रिस्ती घरांतली मुलं बायबलच्या सुट्टीतल्या वर्गांना. थोडी मोठी मुलं-मुली गटागटाने खेड्यांत सेवेला आणि प्रचारालाही जातात. पालक आम्हाला विचारतात, बाई, पाठवू का? तिकडे जाऊन मूल बदलून आलं तर?

प्रश्न अगदी खरा आहे. त्याचं उत्तर शोधताना मला आपल्याच पाठ्यपुस्तकातल्या एका कवीचं आयुष्य आठवतं. केवढे हे क्रौर्य ही जखमी पक्षिणीची कविता आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवली. तिचे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक. वर्गात हे नाव घेतलं की निम्मी मुलं लोकमान्यांचं चित्र डोळ्यांपुढे आणतात. म्हणून पहिल्यांदा फळ्यावर लिहून टाकावं की हे टिळक वेगळे. मूळ दोघांचंही रत्नागिरीकडचं, काळही जवळजवळ तोच, पण वाटा निराळ्या.

बालपण आणि नाशिकची वाट

नारायण टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगाव इथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावाने कडक आणि तापट. आई जानकीबाई मात्र मृदू, भाविक आणि कवितेची आवड असलेली. टिळकांच्या कवितेत आई, मूल, फूल पुन्हा पुन्हा येतं, त्याचं मूळ या घरात आहे.

आई लवकर गेली. नारायण तेव्हा दहा-बारा वर्षांचा. आई गेल्यावर त्या घरात त्याचं मन लागेना. तो घर सोडून निघाला आणि नाशिकला पोहोचला. आपल्या सहावी-सातवीतल्या मुलाएवढं पोर, ओळख ना पाळख, जवळ पैसा नाही. पण ज्याला शिकायचंय अशा मुलाला त्या काळच्या नाशिकमध्ये कुणी ना कुणी दार उघडत असे. त्याला आसरा मिळाला, आणि गणेशशास्त्री लेले यांच्यासारखे विद्वान गुरू मिळाले. त्यांच्याकडे तो संस्कृत शिकला. पुढे काही काळ इंग्रजी शाळेतही गेला, पण घरच्या जबाबदाऱ्यांमुळे शाळा मधेच सुटली.

पालकांनी इथे जरा थांबावं. टिळकांची पुढची सगळी विद्वत्ता या काही वर्षांच्या पायावर उभी आहे. पदवी नाही, प्रमाणपत्र नाही. एका शास्त्र्याने एका अनाथासारख्या पोराला जवळ बसवून शिकवलं, एवढंच भांडवल. शिष्य म्हणजे काय हे टिळक इथे अंगावर शिकले. पुढे आयुष्यभर त्यांनी तेच दुसऱ्यांना दिलं.

जलालपूरची मनकर्णिका

नाशिकजवळ गोदावरीच्या काठी जलालपूर हे गाव आहे. तिथल्या गोखल्यांची मुलगी मनकर्णिका, जन्म १८६८ चा. तिच्या वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुतल्याशिवाय घरात घ्यायचं नाही. अशा घरातली अकरा वर्षांची मुलगी अठरा वर्षांच्या नारायणाची बायको झाली आणि तिचं नाव लक्ष्मी ठेवलं गेलं. याच पुढे स्मृतिचित्रे लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

संसार मात्र स्थिर नव्हता. टिळक एका गावी, एका नोकरीत टिकत नसत. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी संपादक. एक दिवस निघून जायचे, महिनोन् महिने पत्ता नसायचा. हातात पैसा आला की दारातल्या गरजवंताला देऊन मोकळे. डोकं तापट, मन लोण्यासारखं. अशा माणसाबरोबर राहणं किती अवघड, हे लक्ष्मीबाईंनी न लपवता आणि हसतहसत लिहिलंय. चरित्र शिकवताना आपण थोरांचे दोष झाकतो, पण मुलांना खरा माणूस दाखवला तर तो जास्त जवळचा वाटतो.

प्रश्न विचारणारं मन

नागपूरला असताना टिळकांना श्रीमंत आणि विद्याप्रेमी अशा आप्पासाहेब बुटींचा आश्रय मिळाला. तिथे त्यांनी संस्कृत ग्रंथांचं काम केलं, ऋषी नावाचं धार्मिक मासिक चालवलं. पण आतून ते अस्वस्थ होते. जातीजातींत चिरफाळलेला हा समाज एक कसा होणार, हा प्रश्न त्यांना झोपू देत नव्हता. जातिभेद नसलेला नवा धर्मच काढावा, असाही विचार त्यांनी केला होता.

याच सुमाराला ते नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. गप्पा कवितेवरून धर्मावर गेल्या. उतरताना त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. टिळकांना ते भाकीत हास्यास्पद वाटलं, पण पुस्तक वाचायचं वचन दिलं होतं, म्हणून वाचायला घेतलं. डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि पुढे जाता येईना. शत्रूवर प्रेम, मनातल्या रागाचाही हिशोब, दीनांचा कैवार, हे वाचून ते हलले. मग त्यांनी पुष्कळ वाचलं, पत्रव्यवहार केला, वाद घातले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

रेल्वेच्या एका भेटीने माणूस बदलला असं सांगणं सोपं आहे, पण ते पूर्ण खरं नाही. प्रश्न त्यांच्या मनात आधीपासून होते. प्रवाशाने फक्त एक पुस्तक हातात ठेवलं. पुढची दोन वर्षं टिळकांनी स्वतःच विचार केला. कुठलंही शिबिर, कुठलाही प्रवास यापेक्षा जास्त काही करू शकत नाही, आणि त्याने करूही नये.

न सांगता घेतलेला निर्णय

आता या चरित्रातला सगळ्यात दुखरा भाग. टिळकांनी एवढा मोठा निर्णय बायकोला विश्वासात न घेता घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या, कडेवर लहान दत्तू. बातमी आली आणि त्यांच्यावर आभाळ कोसळलं. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचं पाणी चालणार नाही. कुंकू आहे, पण संसार नाही. लोकांचे टोमणे, नातेवाइकांची दया, पुढे काय याचा अंधार. तीन-चार वर्षं त्यांनी अशी काढली, त्यातला काही काळ पंढरपुरात. जेमतेम अक्षरओळख असलेली ही बाई या दुःखातच कविता जुळवू लागली.

टिळक पत्रं पाठवत राहिले, भेटायला येत राहिले. शेवटी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन त्यांच्याकडे नगरला आल्या, पण आपल्या अटींवर. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं-ओवळं जसंच्या तसं. आणि इथे तापट टिळकांनी एक मोठी गोष्ट केली. त्यांनी जबरदस्ती केली नाही. मिशनमध्ये उपदेशक असलेल्या माणसाच्या घरात बायको हिंदू आचार पाळते, ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. त्यांनी ते चालू दिलं.

बदल झाला तो लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या विचाराने. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच घोळवला आणि एक दिवस ठरवलं की यापुढे कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. ज्या घरात मीठ धुतलं जायचं त्या घरातली ही मुलगी, हे मुलांना आवर्जून सांगा. १९०० मध्ये राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

नगर-राहुरी : शिक्षक टिळक

टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या कामात अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) रमले. तिथल्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयात ते शिकवत. उद्या खेड्यापाड्यांत जाऊन काम करणारी तरुण मुलं त्यांच्यापुढे बसलेली असायची. १९०४ मध्ये त्यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली.

या तरुणांना टिळकांनी जी गोष्ट निक्षून शिकवली ती आजही विचार करण्यासारखी आहे. खेड्यात जाताना साहेब होऊन जाऊ नका. लोकांच्या भाषेत बोला, त्यांच्या चालींत गा. परदेशी सुरावटीवर बेतलेली, कानाला परकी वाटणारी गाणी मराठी माणसाच्या काळजात उतरणार नाहीत, असं त्यांचं मत होतं. म्हणून त्यांनी अभंग, ओवी, आरती, भजन, कीर्तन ही आपली साधनं घेतली. तुकोबांच्या अभंगांवर त्यांचं मनापासून प्रेम होतं, आणि ख्रिस्तापर्यंत आपण तुकोबांच्या पुलावरून आलो असं ते मानत. मराठी चर्चमध्ये गायल्या जाणाऱ्या उपासनासंगीतात त्यांची शंभराहून अधिक गीतं आहेत. धर्म बदलला तरी देश आणि भाषा बदलत नाही, हे त्यांनी स्वतःच्या जगण्यातून दाखवलं. देशप्रेमाच्या कविता त्यांनी ख्रिस्ती झाल्यावरही लिहिल्या. १९१२ पासून ज्ञानोदय या जुन्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचं संपादनही केलं.

त्या वर्षांत दुष्काळ होता, प्लेग होता. आईबाप गमावलेली मुलं रस्त्यावर आली होती. टिळकांच्या घरात अशी मुलं येत राहिली. टिळक कुणालाही हाताला धरून घेऊन यायचे, आणि त्यांना न्हाऊ-जेवू घालायचं काम लक्ष्मीबाईंकडे. शिष्य जमवणाऱ्या प्रत्येक गुरूमागे कुणीतरी चुलीपाशी असतं. शिबिरं भरवणाऱ्यांनी स्वयंपाकघरातल्या मावशींचे आभार मानताना हे आठवावं.

बालकवी : टिळकांच्या घरातला शिष्य

१९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं. धरणगावचा एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, त्र्यंबक बापूजी ठोंबरे, तिथे कविता म्हणायला उभा राहिला. सभा चकित झाली. संमेलनाचे अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला बालकवी ही पदवी दिली. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या, पण संमेलन संपल्यावर या मुलाचं पुढे काय, याची काळजी टिळकांनी केली. ते त्याला आपल्या घरी नगरला घेऊन आले.

ठोंबरे टिळकांच्या घरी मुलासारखा राहिला. मुलगा हट्टी, हळवा, लहरी. टिळकही तसेच. कवितेवरून वाद, रुसवे-फुगवे, आणि समेट करायला मधे लक्ष्मीबाई. त्यांनी त्याला आईची माया दिली.

आता मुद्दा नीट पाहा. टिळक हे पूर्णवेळ धर्मोपदेशक. घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना. हाताशी एक कोवळा, जीव लावणारा, त्यांना गुरू मानणारा मुलगा. तरी बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. ते शेवटपर्यंत हिंदूच राहिले आणि टिळकांचं प्रेम तसूभर कमी झालं नाही. टिळकांनी त्यांना निसर्गाकडे बघायची नजर दिली, शब्दांवर मेहनत घ्यायला शिकवलं, पण स्वतःची प्रतिकृती केली नाही. बालकवींची कविता टिळकांच्या कवितेसारखी नाही. ती त्यांची स्वतःची आहे. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात बालकवी गेले. वय अवघं सत्तावीस. टिळकांच्या घरातलंच मूल गेलं.

देवाचा दरबार

साठीकडे झुकलेला माणूस साधारणपणे पेन्शनचा विचार करतो. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला, भगवी वस्त्रं घातली आणि साताऱ्याला आपला आश्रम मांडला. ख्रिस्ती माणूस आणि संन्यास! दोन्हीकडच्या लोकांच्या भुवया उंचावल्या. पण त्यांना भारतीय मातीतली शिष्यपरंपरा हवी होती, जिथे गुरू पगारी नसतो आणि शिष्य नोंदवहीतला आकडा नसतो.

या मंडळाचं नाव त्यांनी देवाचा दरबार ठेवलं. त्याचं वेगळेपण असं, की त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ख्रिस्ताला गुरू मानणारा कुणीही यावा, त्याने आपला समाज सोडलाच पाहिजे अशी अट नाही. बावीस वर्षांपूर्वी आपल्याच निर्णयाने घर कसं फाटलं होतं हे या माणसाने पाहिलं होतं. दरबाराचं दार सताड उघडं ठेवताना त्यांना ते आठवलं असेल, असं मला नेहमी वाटतं. हा माझा अंदाज आहे, पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून मुलांना विचार करायला लावा.

दरबाराला फार आयुष्य मिळालं नाही. टिळकांची प्रकृती ढासळली. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांचं निधन झालं. ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीचे दिवस.

मागे राहिलेलं काम

ख्रिस्ताचं चरित्र ओवीबद्ध लिहायचं टिळकांच्या मनात होतं. ख्रिस्तायन नावाने त्यांनी सुरुवात केली, पण दहा-अकरा अध्यायांच्या आसपास काम थांबलं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी. त्यांनी चौसष्ट अध्याय लिहिले. ज्यांना टिळकांनी कसंबसं वाचायला शिकवलं, त्याच शिष्येने गुरूचं अपुरं काम हाती घेतलं. त्यांची स्मृतिचित्रे १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली आणि मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत जाऊन बसली. १९३६ मध्ये नाशिकलाच लक्ष्मीबाईंचं निधन झालं. जलालपूरची मुलगी सगळा महाराष्ट्र फिरून पुन्हा गोदावरीकाठी आली. टिळकांचं इंग्रजी चरित्र जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ मध्ये लिहिलं. पण टिळक खरे भेटतात ते लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात.

पालकांसाठी दोन शब्द

मग मुलाला शिबिराला पाठवायचं का? माझ्यापुरतं मी टिळकांच्या आयुष्यातून तीन गोष्टी घेतल्या आहेत. शिबिर कुठल्याही धर्माचं असो, याच तीन गोष्टी मी बघते.

एक, घराला सगळं माहीत आहे का? जे घरी सांगू नकोस असं कुणी मुलाला शिकवत असेल, तिथून मूल परत आणावं. टिळकांच्या घराने न सांगितलेल्या निर्णयाची किंमत काही वर्षं मोजली.

दोन, नाही म्हणायची मोकळीक आहे का? लक्ष्मीबाईंना वेगळी चूल मांडता आली, बालकवींना हिंदू राहता आलं. जिथे नकाराला जागा आहे तिथल्या होकाराला अर्थ आहे. आणि आपली मुलं तर अजून लहान आहेत. ती जोपर्यंत सज्ञान नाहीत, तोपर्यंत कुणीही त्यांच्याकडून कायमचा शब्द घेऊ नये.

तीन, मूल दुसऱ्यासाठी काही करून आलं का? खेड्यात जाऊन भाषण देऊन आलं, की तिथल्या मुलांबरोबर जेवून, खेळून, त्यांची गाणी शिकून आलं? साहेब होऊन जाऊ नका, हा टिळकांचा धडा सगळ्या धर्मांच्या सेवागटांना लागू आहे.

मूल बदलून आलं तर, या भीतीचं उत्तरही यातच आहे. सुट्टीत मूल बदलायलाच हवं. ते आपल्याशी त्याबद्दल बोलतंय ना, एवढं पाहावं.

वर्गात घेता येतील असे उपक्रम

१. महाराष्ट्र आणि शेजारच्या राज्यांच्या नकाशावर टिळकांचा प्रवास दाखवा : करजगाव, नाशिक, नागपूर, राजनांदगाव, मुंबई, नगर, राहुरी, सातारा.

२. स्मृतिचित्रेतला एखादा विनोदी प्रसंग वर्गात मोठ्याने वाचा. नंतर मुलांना आपल्या आजीची एक आठवण तिच्याच बोलीत लिहून आणायला सांगा.

३. चर्चा : आपल्याला पटलेली गोष्ट घरच्यांना पटत नसेल तर काय करावं? शिक्षकांनी उत्तर देऊ नये, फक्त सगळ्यांना बोलायची संधी मिळते ना ते पाहावं.

४. बालकवींची आणि टिळकांची एकेक कविता शेजारी ठेवून फरक शोधा.

५. नाशिक परिसरातल्या शाळांनी जमल्यास जलालपूरला एक छोटी सहल काढावी. ओझरहून फार लांब नाही. नदीकाठी बसून लक्ष्मीबाईंच्या बालपणावरचं एक पान वाचलं तरी तास सार्थकी लागतो.

पाठ घेऊन पाहा आणि तुमच्या वर्गातली मुलं काय म्हणाली ते जरूर कळवा. सर्वांना सुट्टीच्या शुभेच्छा. उन्हात जास्त फिरू नका, पाणी भरपूर प्या, आणि मुलांना थोडं कंटाळूही द्या.